गुडघे साथ देत नसतील तर स्वयंपाकघर साफ ठेवताना फरशी सगळ्यात शेवटी

चूक जवळजवळ सगळ्यांची एकच होते. सकाळी उठल्या उठल्या आधी फरशीला हात घालायचा, वाकून वाकून कोपरे पुसायचे, तेवढ्यात कंबर धरते, मग ओटा आणि शेगडी तशीच राहते, आणि दुपारी फोडणी दिली की शेगडीवरचं सगळं परत खाली फरशीवर. म्हणजे दुखणं पदरात आणि फरशी होती तशीच. माझं वय ७१, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं मी पुढे ढकलतेय, घरात काठी घेऊन चालते, आणि ही चूक मी स्वतः दोन वर्षं रोज केलीय, त्यामुळे खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

टप्पा १: काय तुमचं आणि काय दुसऱ्याचं ते ठरवा

ओट्यासमोर नेहमीसारखं उभं राहा. खांद्याच्या वर जे आहे ते तुमचं नाही. गुडघ्याच्या खाली जे आहे तेही तुमचं नाही. मधलं तेवढं तुमचं. वर बघत हात उंच केला की तोल जातो, आणि खाली वाकून पटकन वर आलं की बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हमखास गरगरतं, तेही नेमकं शेगडीजवळ.

आता रोजचं सामान या मधल्या पट्ट्यात आणा. मिसळणाचा डबा, चहा-साखर, तवा, एक छोटा कुकर, दोन पातेली, चार ताटल्या, चार वाट्या, बस. बाकीची भांडी कुणाकडून तरी माळ्यावर टाकून घ्या. भांडी बाहेर कमी असली की घासायला पण कमी पडतात, हे मला कळायला सत्तरी यावी लागली. तांदळाचा दहा किलोचा डबा उचलायचा नाही, एक किलोचा छोटा डबा ओट्यावर ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी भरून द्यायचा. जड वस्तू कमरेच्या उंचीला, हलक्या थोड्या वर चालतील.

तपासा: एक दिवस फ्रिजवर कागद चिकटवा आणि ज्या ज्या वेळी वाकावं लागलं किंवा टाचा उंच कराव्या लागल्या त्या वस्तूचं नाव लिहा. माझ्या कागदावर पहिल्या दिवशी अकरा नावं होती, त्यात कोथिंबिरीचा डबा पाच वेळा. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या जागा बदलल्या.

टप्पा २: बसायची सोय

हे सोडून पुढे जाऊ नका. उभं राहून भांडी घासणं हेच निम्मं दुखणं आहे.

ओटा साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो. त्याच्यापेक्षा नऊ-दहा इंच खाली बैठक येईल असं उंच स्टूल लागतं, म्हणजे २३-२४ इंचाचं. नेहमीची खुर्ची घेतलीत तर ओटा छातीशी येतो आणि खांदे भरून येतात. शिवाय उंच बैठकीवरून उठताना गुडघा कमी दुमडतो, हा मोठा फायदा. पाठ असलेलं आणि चारी पायांना रबरी बुचं असलेलं स्टूल घ्या. प्लॅस्टिकचं हलकं स्टूल नको, ओल्या फरशीवर ते सरकतं. चाकाचं तर अजिबातच नको, कितीही सोयीचं दिसलं तरी.

बसल्यावर पाय कुठे जाणार हा प्रश्न येतो कारण ओट्याखाली ट्रॉल्या नाहीतर कपाट असतं. सिंकखालच्या कपाटाचं दार उघडं ठेवायचं, आतला पुढचा भाग रिकामा करायचा आणि गुडघे आत घालून बसायचं. आमच्याकडे तर ते दारच काढून टाकलंय आणि पडदा लावलाय, दिसायला फार काही खास नाही पण मला चालतं. (मुलाला आवडलेलं नाही. तो वर्षातून दोनदा येतो.)

सिंक खोल असेल तर वाकावं लागतं. तळाशी एखादी जाळी किंवा उलटं पातेलं ठेवून त्यावर छोटा टब ठेवा, भांडी वर येतात. फक्त तो टब हलत नाही ना ते बघा.

टप्पा ३: सामान एकाच ठिकाणी

सगळं ओट्याच्या कोपऱ्यात एका ट्रेमध्ये. दर वेळी फडकं आणायला बाल्कनीत गेलं की तेवढ्यात दम जातो.

जाड सुती फडकी चार, दोन ओट्याची दोन भांड्यांची, रंग वेगळे. एक स्प्रेची बाटली, अर्धा लिटर पाण्यात अर्धा चमचा भांडी घासायचं लिक्विड, एवढंच. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "साबणपाणी" लिहा, मोतीबिंदू असेल तर सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात. लांब दांड्याची सुपली, ती आणि झाडू दोन्ही उभ्याने वापरता येतील अशी. लांब दांड्याचा चपटा मॉप. आणि वस्तू उचलायचा लांब चिमटा, खाली पडलेला चमचा नाहीतर लसूण उचलायला याच्यासारखं काही नाही. हाताला जोर नसेल तर घासणी जाड मुठीची घ्या, किंवा साध्या घासणीच्या दांड्याला जुनं फडकं गुंडाळून रबर लावा. एकच हात चालत असेल तर पातेल्याखाली ओलं फडकं पसरा, पातेलं फिरत नाही.

पायात रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला. स्वयंपाकघरात चप्पल नको हा आपल्याकडचा नियम मला माहितीये, म्हणून आतल्या वेगळ्या ठेवल्यात, त्या बाहेर जात नाहीत. ज्यांना शुगर आहे त्यांनी तर अनवाणी वावरूच नये, पायाला चटका बसला किंवा काच लागली तरी कळत नाही.

सावध: टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, एका पाठोपाठ एकही नको, क्लोरीन वायू तयार होतो आणि छोट्या स्वयंपाकघरात तो छातीत भरतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर टाकलं तरी तेच. आणि खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा जो प्रकार चालतो त्याचा काही उपयोग नाही, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे राहतं नुसतं खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा.

टप्पा ४: स्वयंपाक करतानाच घाण कमी करा

पुसायचं काम इथेच निम्मं होतं. फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा जाळीचं झाकण ठेवा. भाजी चिरायची ती टेबलावर वर्तमानपत्र पसरून, विळी घेऊन खाली बसायचं आता विसरा कारण बसता येतं पण उठायला हाका माराव्या लागतात. सालं कागदात गुंडाळली की थेट ओल्या कचऱ्यात. कचऱ्याचा डबा जमिनीवर नको, एका पक्क्या छोट्या स्टुलावर ठेवा, आणि पिशवी अर्धी भरली की बांधा, पूर्ण भरायची वाट बघितली तर दारापर्यंत नेताना जड होते.

भांडी उचलायची नाहीत, सरकवायची. भाताचं पातेलं शेगडीवरून ओट्यावरून सिंकपर्यंत ढकलत न्यायचं, मध्ये डबे उभे करून ठेवू नका. वॉकर वापरत असाल तर हातात काही धरून चालणं शक्यच नाही, त्याला पुढे पिशवी बांधा आणि त्यात कोरड्या वस्तूच टाका.

भांडं रिकामं झालं की लगेच पाणी घाला. दुधाचं पातेलं, कणकेची परात, भाताचं भांडं यांना गार पाणी. गरम पाणी घातलं की पिठाची खळ होते आणि आणखी चिकटतं, ही चूक फार बघितलीय. तेलकट कढईला मात्र गरम. लोखंडी तवा भिजत ठेवायचाच नाही, गंजतो. पुसा, शेगडीवर कोरडा करा, तेलाचा हात फिरवा.

टप्पा ५: रोजचा क्रम

वेळ कुठली? सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात, अंघोळ-चहा होऊन अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मी सकाळी साडेदहाला १५ मिनिटं आणि रात्री जेवणानंतर १५ मिनिटं करते, मोबाईलवर टायमर लावून. टायमर वाजला की राहिलेलं राहिलं. "एवढं संपवूनच टाकते" या एका वाक्याने मी दोनदा आडवी झालेय. आणि मोबाईल खिशातच, दुसऱ्या खोलीत चार्जिंगला नाही.

५.१ आधी कोरडं. ओट्यावरचे कण, पीठ, सांडलेली साखर कोरड्या फडक्याने हातात नाहीतर ताटलीत ओढून घ्या. ओलं फडकं आधी फिरवलं की पिठाचा चिखल होतो आणि दुप्पट पुसावं लागतं.

५.२ शेगडी. नॉब हाताने चाचपून बंद आहेत का बघा, नुसतं डोळ्याने नाही. पाइप गॅस असेल तर व्हॉल्व्ह बंद. सिलेंडर ओट्याखाली असेल तर खुर्चीवर बसून रेग्युलेटरपर्यंत हात पोचेल अशा जागी तो कुणाकडून तरी उभा करून घ्या, रोज वाकणं जमणार नाही मग बंद करायचा कंटाळाच होतो. शेगडी गार झाल्यावर साबणपाणी मारा आणि पाच मिनिटं सोडा. पाच मिनिटं म्हणजे खरोखर पाच, तोवर बसून राहा. बहुतेक जण फवारतात आणि लगेच घासायला लागतात, हातच दुखतात. डाग सुटतो तो वेळाने, जोराने नाही. काचेची शेगडी गरम असताना गार ओलं फडकं लावू नका, तडकते.

ज्योत पिवळी येत असेल तर बर्नरची भोकं तुंबलीत. त्याने भांड्यांचे बूड काळे होतात आणि घासायचं काम वाढतं. आठवड्यातून एकदा बर्नरच्या टोप्या गरम साबणपाण्यात टाका, सुईने भोकं मोकळी करा, पूर्ण वाळवून मगच बसवा.

सावध: गॅसचा वास आला तर लाइटचं कुठलंही बटण दाबू नका, चालू पण नाही आणि बंद पण नाही. हात पोचत असेल तर रेग्युलेटर नाहीतर पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा, खिडकी-दार उघडा, बाहेर या आणि तिथून फोन करा, सिलेंडर असेल तर १९०६ ला, पाइप गॅस असेल तर तुमच्या गॅस कंपनीला. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, त्यामुळे वर वास कमी आला म्हणजे संपलं असं नाही.

५.३ भांडी, बसून. कप-ग्लास आधी, मग स्टीलची, तेलकट शेवटी, पाणी आणि साबण दोन्ही कमी लागतं. मिक्सरच्या भांड्यात हात घालू नका, अर्धं पाणी आणि लिक्विडचा एक थेंब टाकून झाकण लावून पाच सेकंद फिरवा, ओता, विसळा. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून उकळा, रात्रभर तसंच, सकाळी लाकडी उलथन्याने सुटतं. ॲल्युमिनियमला सोडा लावू नका, काळं पडतं, त्याला पिळलेल्या लिंबाची सालं घालून पाणी उकळा. भांडी पुसून कपाटात लावायचा हट्ट सोडा, जाळीत निथळू द्या आणि उद्या तिथूनच वापरा.

५.४ ओटा ओल्या फडक्याने, लांबच्या टोकाकडून सिंककडे. ग्रॅनाइट असेल तर प्रश्न नाही. कडाप्पा किंवा संगमरवर असेल तर लिंबू, व्हिनेगर अजिबात नाही, पांढरे चट्टे पडतात ते परत जात नाहीत. माझ्या आधीच्या घरातल्या कडाप्प्यावर कोकमाच्या बरणीचा गोल शेवटपर्यंत होता. फडक्याला लागलेली हळद घासत बसू नका, साबणाने ती लाल होते म्हणून घाबरूही नका, उन्हात टाका, दोन दिवसात उडते. प्लॅस्टिकच्या डब्याचंही तसंच.

५.५ सिंक सगळ्यात शेवटी. जाळीतला गाळ कचऱ्यात, साबणाने एक हात, आणि मग कोरड्या फडक्याने पूर्ण कोरडं. हे कोरडं करणं लोक सोडतात. झुरळं अन्नाशिवाय बरेच दिवस काढतात पण पाण्याशिवाय तेवढे नाही, रात्री सिंक कोरडं असलं की निम्मा बंदोबस्त होतो. घासणी पिळून उभी ठेवा, साबणाच्या डबीत बुडालेली नको.

तपासा: या घडीला पाय कसे आहेत? थरथरत असतील, चक्कर वाटत असेल तर फरशी आज नाही. उद्या.

टप्पा ६: फरशी

आता तीन गोष्टी ज्या करायच्या नाहीत. पायाने फडकं फिरवायचं नाही. मला माहितीये सगळेच करतात, वाकता येत नाही म्हणून फडकं टाकायचं आणि एका पायाने सरकवायचं, पण त्या क्षणी तुम्ही दुखऱ्या गुडघ्यावर एका पायाने ओल्या फरशीवर उभे असता. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंचा खुबा असाच मोडला. दुसरं, बादली उचलायची नाही, पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो. मॉप सिंकमध्ये भिजवा आणि पिळा, नाहीतर बादली जागेवर ठेवून मगाने दोन लिटर भरा. (मॉपसाठी सिंक वापरायला मला आधी कसंतरी वाटायचं. नंतर साबणाने धुते, झालं.) तिसरं, मागे मागे सरकत पुसायचं नाही. तरुण माणसाला ते ठीक आहे, आपल्याला मागचं स्टूल दिसत नाही.

त्याऐवजी स्वयंपाकघराचे दोन भाग करा, आज खिडकीकडचा, उद्या दाराकडचा. आधी केर काढा, झाडू उभ्याने, कचरा लांब दांड्याच्या सुपलीत. मग कोरड्या भागात उभं राहून, एक हात ओट्यावर टेकवून, मॉप समोर हात पोचेल तिथवर फिरवा. सरकायचं ते कडेकडेने, पाय कायम कोरड्यावर. काम झालं की कोरड्या भागातून बाहेर पडा, पंखा लावा आणि अर्धा तास आत येऊ नका. म्हणूनच हे रात्री, पाण्याची बाटली आणि गोळ्या खोलीत नेऊन ठेवल्यावर, कारण पुसून झाल्यावर हमखास काहीतरी आठवतं आणि माणूस ओल्यात शिरतो. दाराकडचा भाग पुसताना तुम्ही दाराबाहेर उभे असता, तेव्हा टेकायला चौकट आहे.

फिनेल जास्त टाकलं म्हणजे जास्त स्वच्छ असं नसतं, थर राहतो आणि फरशी निसरडी होते. बाटलीवर लिहिलंय तेवढंच.

तेल सांडलं तर आधी पाणी नाही. वरून कणीक किंवा बेसन भुरभुरवा, दहा मिनिटं थांबा, सुपलीत भरा, मग साबणाचा मॉप, मग साध्या पाण्याचा. पायपुसणं खाली रबर असलेलंच ठेवा नाहीतर काढून टाका.

टप्पा ७: आठवड्याचं, एका दिवशी एकच

फ्रिजचा एक कप्पा, समोर खुर्ची टाकून, भाजी आणायच्या आदल्या दिवशी कारण तेव्हा तो रिकामा असतो. दुसऱ्या दिवशी डबे, तिसऱ्या दिवशी टाइल्स, त्याही खांद्यापर्यंतच. ओट्याची फडकी आठवड्यातून एकदा उकळून घ्या.

झुरळांसाठी जेलचे मसुराएवढे ठिपके, बिजागऱ्यांपाशी आणि सिंकखाली. जेल लावलं की तिथे स्प्रे मारायचा नाही, स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे येतच नाहीत आणि मग आपण म्हणतो जेल बोगस. बोरिक पावडरच्या कणकेच्या गोळ्या आमच्या आईच्या वेळी असायच्या, पण नजर कमी झालेल्या घरात कणकेसारखं दिसणारं विष ओट्यावर नको. सिंक तुंबलं तर कॉस्टिकची पावडर स्वतः टाकू नका, पाण्यात पडली की उकळते आणि उडते, प्लंबरला बोलवा.

टप्पा ८: बाईंना किंवा मुलांना नेमकं काय सांगायचं

"जरा स्वयंपाकघर बघून घे" असं सांगितलं की ते ओटा पुसतात, जो तुम्ही आधीच पुसलेला असतो. नेमकं सांगा, कागदावर लिहून फ्रिजला लावा. दर आठवड्याला: सिलेंडरच्या मागची फरशी, ट्रॉल्यांच्या खाली, तांदूळ-पिठाचे छोटे डबे भरणं. महिन्यातून एकदा: चिमणीच्या जाळ्या, वरची कपाटं बाहेरून, फ्रिजच्या मागे, एक्झॉस्ट फॅन. गॅसच्या नळीवर छापलेली तारीख वर्षातून दोनदा वाचून घ्यायची, पाच वर्षं झाली की बदलायची.

माळा दिवाळीच्या आधी, आणि तो तुम्ही खुर्चीत बसून फक्त बोटाने दाखवायचा. दर वर्षी याच दिवसांत ओळखीचं कुणीतरी स्टुलावरून पडतं, आणि दर वेळी उत्तर एकच असतं की एकच डबा तर काढायचा होता. घरी कुणी येणार नसेल तर तो डबा वरच राहू दे, चकलीचा सोऱ्या शेजारून मागून आणा.